खेचरावरून दिसलेला जग्वार: पेलोन्सियो डोंगरातलं एक प्रकरण

7 मार्च 1996. अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर पेलोन्सियो नावाची डोंगररांग आहे. दक्षिणेकडे ती थेट मेक्सिकोत उतरते. त्या रांगेत वॉर्नर ग्लेन खेचरावर बसून कुत्र्यांच्या आवाजामागे चालला होता. वय साठीच्या आसपास, धंदा गुरं पाळण्याचा आणि जोडधंदा प्यूमा या मोठ्या रानमांजराच्या शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना माग काढून देण्याचा. त्या भागात प्यूमाला ‘लायन’ म्हणतात, म्हणजे सिंह, आणि त्याची शिकार परवाना काढून कायदेशीरपणे करता येते. कुत्री मागावर लागली होती. त्यांचा सूर बदलला, म्हणजे जनावर कुठेतरी अडलं होतं. ग्लेनची समजूत अशी की मोठा नर प्यूमा असणार.

कड्याच्या माथ्यावर दबा धरून खाली कुत्र्यांकडे बघत बसलेलं जनावर ठिपक्यांचं निघालं. तो जग्वार होता.

ग्लेनने कॅमेरा काढला. फोटो घेतले. जग्वार कड्यावरून निसटला, कुत्री पुन्हा मागे लागली, पुन्हा एका जागी तो अडला, आणि आणखी चांगला फोटो मिळावा म्हणून ग्लेन जरा जास्तच जवळ गेला. जग्वार अंगावर आला. मध्ये कुत्री पडली म्हणून निभावलं. मग त्याने कुत्री आवरली आणि जनावराला जाऊ दिलं. अमेरिकेच्या रानात मोकळ्या, जिवंत जग्वारचे काढलेले हे पहिले फोटो मानले जातात.

घटना एवढीच. दिवसभराचीही नाही. पण या प्रकरणात अभ्यासासारखं जे आहे ते जग्वार निघून गेल्यानंतर सुरू होतं. घरी पोचल्यावर ग्लेनसमोर प्रश्न होता की हे कुणाला सांगायचं का?

आपल्याला हा प्रश्न विचित्र वाटेल. दुर्मीळ जनावर दिसलं, फोटोही आहे, तर माणूस सांगणारच. पण गुरांच्या त्या मुलखात तीन शब्दांची एक जुनी म्हण चालते, तिचा अर्थ असा: गोळी घाल, खड्डा कर, गप्प बस. संरक्षित प्राणी आपल्या रानात सापडला तर त्याचा गवगवा करू नये, हा तिथला व्यवहारी सल्ला. त्यामागे क्रौर्यापेक्षा हिशेब जास्त आहे, आणि तो हिशेब समजल्याशिवाय ग्लेनने काय पणाला लावलं ते कळत नाही.

रँच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातलं कुंपण आणि घोडे येतात. प्रत्यक्षात या कोरड्या मुलखात एका गायीला वर्षभर जगवायला कितीतरी एकर गवत लागतं, म्हणून रँच हजारो एकरांची. त्यातली स्वतःच्या मालकीची जमीन थोडी असते. बाकीची चराई राज्याच्या आणि केंद्र सरकारच्या जमिनीवर, भाडं भरून, परवान्यावर. परवान्याच्या अटी बदलल्या, गुरांची संख्या कमी करायला सांगितली किंवा अमुक खोऱ्यात तमुक महिने जाऊ नका म्हटलं, की धंद्याचं गणित बिघडतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वायव्य अमेरिकेत एका घुबडासाठी जंगलतोडीवर बंधनं आली होती आणि लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावांनी त्याचे चटके सोसले होते. ॲरिझोनातच मेक्सिकन लांडगा पुन्हा रानात सोडायची तयारी चालू होती, तो 1998 मध्ये सोडलाही गेला. अशा वातावरणात ‘माझ्या चराईच्या डोंगरात जग्वार आहे’ असं सांगणं म्हणजे आपण होऊन सरकारी नकाशावर आपल्या रानाभोवती लाल रेघ ओढून घेणं. वासरू मारलं जाण्याची भीती त्यामानाने लहान.

जग्वार तिथला परका मात्र नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत जग्वार मारल्याच्या नोंदी आहेत. काही शिकाऱ्यांनी मारले, काही गुरांच्या रक्षणासाठी नेमलेल्या सरकारी माणसांनी. 1963 मध्ये ॲरिझोनाच्या व्हाइट माउंटन्समध्ये एक मादी मारली गेली. त्यानंतर त्या राज्यात मादीची खात्रीची नोंद नाही. 1969 मध्ये ॲरिझोनाने जग्वारच्या शिकारीवर बंदी घातली. तरी 1986 मध्ये दोस काबेसास डोंगरात एक मारला गेलाच. म्हणजे ग्लेनच्या आधीची बहुतेक ‘दर्शनं’ ही कातडी आणि कवट्या होत्या. जग्वार आहे हे जग्वार मेल्यावर कळायचं.

इथे एक आडवळण. सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, गुराखी जग्वारला ‘तिग्रे’ म्हणतात, म्हणजे वाघ. अलीकडे प्यूमा सिंह, पलीकडे जग्वार वाघ, आणि खरा सिंह किंवा वाघ त्या खंडावर रानात एकही नाही. आपल्याकडे जुन्नर-अकोल्याच्या उसात बिबट्या दिसला तरी गावात ‘वाघ आला’ असंच म्हणतात, त्याचीच ही बहीण. ज्या जनावराची भीती वाटते त्याला लोक मोठ्यात मोठं नाव देतात. दर्शनांची चौकशी करणाऱ्याला त्याचा मनस्ताप होतो तो वेगळाच.

तो मनस्ताप त्या भागातही चांगलाच आहे. लांब शेपटीचं काहीतरी रस्ता ओलांडून गेलं, संध्याकाळची वेळ होती, ‘काळा पँथर’ होता अशा खबरा सतत येतात. काळा प्यूमा आजवर कुणी पुराव्यानिशी दाखवलेला नाही, आणि अमेरिकेतल्या जग्वारमध्येही काळ्याची खात्रीची नोंद नाही. म्हणून खबरांची प्रतवारी करावी लागते. देह, कातडी, फोटो किंवा ठशाचा साचा असेल तर खबर पहिल्या प्रतीची. पुरावा नाही पण पाहणारा जाणकार आहे, अंतर आणि उजेड पुरेसा होता, वर्णन जुळतं, तर दुसऱ्या प्रतीची. बाकीच्या खबरा नोंदून बाजूला ठेवायच्या. ही पद्धत कोरडी वाटते, पण तिच्यामुळेच ग्लेनच्या फोटोचं वजन लक्षात येतं. आयुष्यभर प्यूमाचे ठसे वाचलेला माणूस, दिवसाउजेडी, थोड्या अंतरावरून काढलेले फोटो. यावर वाद घालायला जागाच नव्हती.

तर सांगायचं का? ग्लेन एकटा असता तर कदाचित वेगळं घडलं असतं. पण तो एकटा नव्हता. त्याच्या मालपाय रँचवर 1991 पासून शेजारच्या गुरंवाल्यांच्या बैठका होत होत्या, त्यात त्याची बायको वेंडी ग्लेन पुढाकाराने होती. बैठकांचं निमित्त प्राणी नव्हतेच. निमित्त होतं वणवा. त्या साली तिथे लागलेली आग लोक म्हणत होते जळू द्या, आणि सरकारी यंत्रणेने ती विझवली. गुरंवाल्यांचं म्हणणं असं की अधूनमधून आग लागली नाही तर गवताच्या जागी झुडपं माजतात. त्यांना दुसरी भीती होती ती प्लॉट पाडण्याची. एक रँच विकली गेली की तिचे तुकडे होतात, बंगले उभे राहतात, आणि शेजारच्याला ना आग लावता येते ना गुरं मोकळी सोडता येतात. यातून 1994 मध्ये मालपाय बॉर्डरलँड्स ग्रुप ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. गुरंवाले, शास्त्रज्ञ, सरकारी खात्यांची माणसं एका टेबलाभोवती. क्षेत्र जवळजवळ दहा लाख एकरांचं. (मालपाय हे नाव स्पॅनिश ‘मालपाइस’वरून आलं, अर्थ वाईट जमीन. लाव्हाचा काळा दगड पसरलेला आहे म्हणून. दख्खनच्या माणसाला तो दगड परका वाटू नये.)

या संस्थेची एक युक्ती सांगायलाच हवी, कारण जग्वारची भानगड पेलायची ताकद तिथून आली. त्यांनी तिला ‘गवताची बँक’ म्हटलं. शेजारी ग्रे रँच नावाची तीन लाखांहून अधिक एकरांची प्रचंड रँच होती. ती एका निसर्गसंस्थेने 1990 मध्ये घेतली आणि पुढे स्थानिक मंडळींच्या ॲनिमस फाउंडेशनकडे दिली. दुष्काळ पडला की एखाद्या शेजाऱ्याने आपली गुरं तिथल्या गवतावर आणून चारायची, आपलं कुरण विसावू द्यायचं. त्या गवताची किंमत पैशांत द्यायची नाही. आपल्या जमिनीचे कधीही प्लॉट पाडणार नाही असा कायमचा करार लिहून द्यायचा. अशा करारांखाली आज 70 हजारांहून अधिक एकर जमीन आहे. याच मंडळींपैकी एका कुटुंबाने दुष्काळात आपल्या गुरांच्या तळ्यातले दुर्मीळ बेडूक जगावेत म्हणून ट्रकने पाणी आणून ओतलं होतं. बेडकांसाठी पाणी वाहणाऱ्या शेजाऱ्यांना जग्वारचा फोटो दाखवणं तुलनेने सोपं असणार.

त्यांनी ठरवलं की सांगायचं.

माझ्या मते या निर्णयाला ‘धाडस’ म्हणून सोडून देणं आळशीपणाचं आहे. तो पुढची खेळी बघून केलेला निर्णय होता. लपवलेली बातमी कधीतरी फुटते, आणि फुटली की लपवणारा चोर ठरतो. आपण होऊन सांगितली तर निदान टेबलावर खुर्ची मिळते. फोटो जाहीर झाले, त्यासोबत संस्थेने एक निधी उभा केला: जग्वारने कुणाचं जनावर मारलं तर त्यातून भरपाई द्यायची. सरकारी भरपाईची वाट पाहायची नाही. आपल्याकडे बिबट्याने शेळी मारली की वनखात्याचा पंचनामा, मग प्रस्ताव, मग मंजुरी. त्या रांगेत जे उभे राहिले असतील त्यांना शेजाऱ्यांनीच उभ्या केलेल्या निधीचा अर्थ लगेच कळेल. रक्कम बुडाली नाही, याइतकंच महत्त्व ‘आपली खबर खोटी मानली नाही’ याला असतं.

त्याच वर्षी 31 ऑगस्टला, बरंच पश्चिमेला, बाबोकिवारी डोंगरात, जॅक चाइल्ड्स आणि त्याच्या साथीदारांना कुत्र्यांनी झाडावर चढवलेला दुसरा जग्वार दिसला. हेही प्यूमाचे शिकारी. यांनीही फोटो आणि चित्रफीत घेतली, कुत्री मागे ओढली. सहा महिन्यांत दोन जग्वार, दोन्ही कुत्री घेऊन फिरणाऱ्या शिकाऱ्यांनी दाखवलेले. यात नवल नाही. तेव्हा कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, फारसे नव्हते, आणि शे-दीडशे चौरस किलोमीटरच्या खडकाळ डोंगरात एक मांजर शोधायचं तर कुत्र्याच्या नाकापेक्षा चांगलं यंत्र नाही. निसर्गप्रेमी मंडळींना ही गोष्ट जरा अवघड जाते, पण जग्वार अमेरिकेत अजून येतो हे सिद्ध केलं ते शिकाऱ्यांनी.

मग सरकार आलं. 1997 मध्ये जुलैत जग्वारला अमेरिकेच्या हद्दीतही संकटग्रस्त प्राण्याचा दर्जा मिळाला. गंमत अशी की 1972 पासून यादीत त्याचं नाव होतं, पण ते सीमेपलीकडच्या जग्वारला लागू. अमेरिकेतला जग्वार कागदावर राहूनच गेला होता. त्याच वर्षी दोन्ही राज्यांनी गुरंवाल्यांना सोबत घेऊन जग्वार संरक्षणाचा गट काढला. गटाच्या बैठकांत गुरंवाले आणि संवर्धनवाले समोरासमोर बसून भांडत. भांडण मुख्यतः एका मुद्द्यावर: ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणून नकाशावर क्षेत्र ठरवायचं की नाही. आधी सरकारी खात्याने म्हटलं, नको, जागा जाहीर केली तर उलट जनावराला धोका. मग खटले झाले, न्यायालयाने फेरविचार करायला लावला, आणि मार्च 2014 मध्ये 7,64,207 एकर क्षेत्र ठरलं. त्यात पेलोन्सियोही होता. ग्लेनने सांगितलं तेव्हा लोकांना ज्याची भीती होती तेच अठरा वर्षांनी झालं, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. न्यू मेक्सिकोतल्या शेतकरी-पशुपालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. 2020 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी पेलोन्सियो आणि त्याच्या पूर्वेचा सॅन लुइस डोंगर हे दोन्ही तुकडे नकाशावरून गेले. कायद्याचा मुद्दा बारीक आहे. अधिवास ‘त्या वेळी वापरात होता’ हे दाखवायचं तर नाव यादीत आलं ती वेळ धरायची, खात्याने ती 1972 धरली होती, आणि नव्वदच्या दशकातल्या दर्शनांवरून 1972 मध्ये तिथे जग्वार होता हे सिद्ध होत नाही. इतक्या चोख पुराव्याचा फोटो, तोही चुकीच्या सालचा निघाला. वकिली चातुर्य म्हणून याचं कौतुक करावं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

दरम्यान बाबोकिवारीतल्या जग्वारची कथा वेगळ्या वाटेने गेली, आणि ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. चाइल्ड्सने पुढे सीमेलगत कॅमेरे लावले. जग्वारच्या अंगावरची गुलाबं, म्हणजे ठिपक्यांची वर्तुळं, आपल्या बोटांच्या ठशांसारखी असतात, दोन जनावरांची सारखी नसतात. 2004 नंतरच्या फोटोंतला एक नर तोच 1996 चा आहे हे कुशीवरच्या एका ठिपक्यावरून पटलं. त्या ठिपक्याचा आकार जुन्या कार्टूनमधल्या बेटी बूपसारखा होता. त्याला ‘माचो बी’ नाव पडलं. त्याचे फोटो वर्षानुवर्षं मिळत होते, कुणाला त्रास नव्हता. 18 फेब्रुवारी 2009 रोजी तो राज्याच्या वन्यजीव खात्याने प्यूमा आणि अस्वलांच्या अभ्यासासाठी लावलेल्या फासात सापडला. बेशुद्ध करून गळ्यात रेडिओ पट्टा घातला. काही दिवसांत त्याची हालचाल मंदावली. 2 मार्चला पुन्हा पकडून फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेला, मूत्रपिंडं निकामी झाल्याचं सांगून त्याच दिवशी दयामरण दिलं. वय पंधरा-सोळा, म्हणजे जग्वारच्या हिशेबाने म्हातारा. पुढे कळलं की फासाजवळ मादी जग्वारची विष्ठा ठेवलेली होती, आणि प्रकल्पावर काम करणाऱ्या एका जीवशास्त्रज्ञाने 2010 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

म्हणजे तेरा वर्षं ज्याला कुत्रेवाल्या शिकाऱ्यांनी आणि गुरंवाल्यांनी नुसतं पाहून सोडून दिलं, तो अभ्यासकांच्या हातून गेला. यावरून ‘शास्त्रज्ञ वाईट, गुराखी चांगले’ असला निष्कर्ष काढणारे तेव्हाही निघाले, आणि तो खोटा आहे. पट्ट्यातून मिळणारी माहिती मोलाची असते, आणि गुरांच्या मुलखात जग्वार मारले गेलेत तेही खरंच. पण पाहण्याची हाव कुठे थांबवायची हे ठरवायला दोन्ही बाजूंना शिकावं लागलं. त्यानंतर आलेल्या नराचा, ‘एल हेफे’चा, माग कॅमेऱ्यांवरच राहिला. 2011 मध्ये व्हेटस्टोन डोंगरात तोही एका शिकाऱ्याच्या कुत्र्यांनीच प्रथम झाडावर चढवला होता. मग तूसॉनजवळच्या सांता रीटा डोंगरात 2015 पर्यंत तो कॅमेऱ्यांत येत राहिला, आणि 2021 च्या शेवटी मध्य सोनोरात एका कॅमेऱ्याने त्याला टिपलं. ठिपके जुळवून ओळख पटली. सीमा त्याने पायी ओलांडली होती, बहुधा पोलादी खांबांची भिंत जिथे अजून पोचली नव्हती तिथून.

भिंतीबद्दल दोनच वाक्यं. पेलोन्सियोच्या पायथ्याला, ग्वादालूपे घळीजवळ, 2020 मध्ये सुरुंग लावून डोंगर फोडून नऊ मीटर उंचीच्या खांबांसाठी रस्ते काढले गेले. उत्तरेला दिसणारे हे सगळे नर दक्षिणेतून येतात, मादी एकही येत नाही, तेव्हा ती वाट बुजली तर ग्लेनचा फोटो हे जुन्या काळाचं चित्र होऊन राहील.

दक्षिणेतून म्हणजे कुठून, तर सीमेपासून साधारण 200 किलोमीटरवर, सोनोरातल्या साउअरिपाच्या परिसरातून. तिथे जग्वारची सगळ्यात उत्तरेकडची पिल्लं होणारी वस्ती टिकून आहे, आणि तीही गुरांच्याच मुलखात. तिथल्या संवर्धन गटाने 2007 पासून रँचवाल्यांशी करार करायला सुरुवात केली: जग्वार, प्यूमा, ओसेलॉट, बॉबकॅट, यांपैकी काही मारायचं नाही, तुमच्या रानात आम्ही कॅमेरे लावू, आणि त्यात जे मांजर दिसेल त्याच्या फोटोचे पैसे तुम्हाला मिळतील. जग्वारला सगळ्यात जास्त, बॉबकॅटला सगळ्यात कमी. भरपाईच्या उलट्या टोकाची ही कल्पना आहे. भरपाईत वासरू मेल्यावर पैसे, इथे जग्वार जिवंत दिसल्यावर पैसे. खोट्या दाव्याची भानगड नाही, कारण कॅमेरा खोटं सांगत नाही. मेलेलं वासरू जग्वारने मारलं की आधीच रोगाने गेलेलं जग्वारने खाल्लं, यावर रात्रभर चालणारा वादही नाही. पेलोन्सियोत एका माणसाच्या स्वभावावर आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या भरवशावर जे टिकलं, ते तिथे एका दरपत्रकावर उभं केलं आहे. दोन्हीतलं कुठलं जास्त टिकेल यावर मी पैज लावणार नाही, पण मला विचाराल तर दरपत्रकाची नक्कल करणं सोपं. शेजाऱ्यांची नक्कल करता येत नाही.

एक गोष्ट राहिली. 20 फेब्रुवारी 2006 रोजी, पेलोन्सियोच्या पूर्वेला ॲनिमस डोंगरात, ग्लेन पुन्हा प्यूमाच्या मागावर होता. पुन्हा कुत्र्यांनी काहीतरी अडवलं. पुन्हा ठिपके. मधल्या दहा वर्षांत फोटो, बैठका, खटले, नकाशे सगळं होऊन गेलं होतं, त्यामुळे कुणाला सांगितलं की काय होतं हे त्याला आता पुरतं माहीत होतं. एक कुत्रं खांद्याला जखमी झालं. त्याने फोटो काढले, कुत्री माघारी बोलावली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.